जागच्या जागी

पळते, बाकुलीमावशी, पळण्याबद्दल तक्रार नाही.
चढावर बोकडासारखी चढते
चार माणसं, दोन कोंबड्या, तांदळाचं पोतं घेऊन.
फक्त उभी राहिली की हिला कापरं भरतं.
पाय उचलला की आरसा थरथरतो,
आरशातलं गिऱ्हाईक थरथरतं,
मग एक खोकला, आणि गप्प.

इसुत्रीच्या गल्लीत बॉनेट उघडं,
दुधी रंगाची रेनो, माझ्यापेक्षा वयानं मोठी.
बाकुलीला डाव्या कानानं ऐकू येत नाही, उजव्यानं थोडंफार.
ती एअर फिल्टरच्या डब्यावर तळहात ठेवते,
ताप बघावा तसा नाही,
दार लोटायच्या आधी आत कोण आहे
याचा अंदाज घ्यावा तसा.

"कधीपासून?"
बाबा गेल्यापासून. म्हणजे गाडी माझ्याकडे आल्यापासून.
"ते वेगळं," ती म्हणते, आणि पाना मागते.

आधी जेट.
सुई नको, सुईनं भोक मोठं होतं.
टोपीच्या घडीतून ती झेबूच्या शेपटीचा एक केस काढते,
पितळेच्या तिळाएवढ्या भोकातून ओवते.
लाल मातीचे दोन कण निघतात.
एवढ्याशासाठी मी रात्रभर जागले?
नाही, एवढ्याशासाठी नाही. लावलं. कापरं तसंच.

मग प्लगच्या वायरी, एकेक.
पहिली उपसली, इंजिन लटपटलं. लाव परत.
दुसरी, लटपटलं.
चौथी, बंदच पडलं, पुन्हा स्टार्टर, पुन्हा शिव्या.
तिसरी उपसली
आणि काहीच झालं नाही.

"हा," बाकुली म्हणाली. "नसला तरी कळत नाही, तो हा."

(आमच्या घरातही एक तिसरा आहे.
रेयुनियोंला असतो. ते इथे नको.)

प्लग पांढराफटक, उपाशी.
"ठिणगी आहे. हवा खेचतेय कुठून तरी.
पळताना एवढीशी हवा खपून जाते. उभं राहिलं की पुरून उरते."
बाटलीतलं साबणाचं पाणी
ती मॅनिफोल्डवर थेंब थेंब सोडत जाते,
सांध्यावरून, बोल्टावरून, मागच्या अंधाऱ्या बाजूला,
जिथे माझा हात जात नाही आणि तिचा जातो.
सुर्र.
थेंब आत गेला. इंजिननं घोट गिळला.
तिनं तिथे अंगठा दाबला
आणि आरसा स्थिर झाला.

एका नळीचं तोंड. त्यात लाकडाची खुंटी ठोकलेली,
वर सायकलच्या ट्यूबची पट्टी, वाळून भेगाळलेली,
आणि पट्टीवर गाठ.
ती गाठ मी ओळखते.
पोत्यांना, माझ्या दप्तराला, आजीच्या छत्रीला
सव्वीस वर्षं तीच गाठ.

म्हणजे त्यांना माहीत होतं.

प्रत्येक सिग्नलला किल्ली फिरवायचे बाबा.
वरच्या वस्तीपासून अनोसी तळ्यापर्यंतचा उतार
इंजिन बंद करून, नुसत्या ब्रेकवर, टायरांची सळसळ ऐकत.
सीटखाली पाण्याच्या बाटलीत लिटरभर पेट्रोल.
"जळतंय ते काय तळ्यातलं पाणी आहे?"
मी त्याला काटकसर समजत आले.
काटकसर होतीच. पण फक्त काटकसर नव्हती.
उभं असताना ती कशी ऐकू येते,
हे त्यांनी कुणाला ऐकूच दिलं नाही.

बाकुलीनं औषधाच्या बाटलीचं रबरी बूच बसवलं, वर क्लिप.
स्क्रू पाव फेरा आत, किंचित बाहेर,
तळहात डब्यावर, डोळे मिटलेले.
आठ हजार आरिआरी.
खुंटी तिनं फेकली नाही, माझ्या हातावर ठेवली,
तेलकट, दाढेएवढी.

आता तळ्याकाठी, लाल दिव्याला उभी आहे.
जॅकरांडाचं एक फूल बॉनेटवर पडलंय, जांभळं,
सरकत नाहीये.
मागच्या सीटवरची बाई पुढे वाकते.
"बंद कर की गं, फुकट जाळतेस."
आणि माझा हात, न विचारता,
किल्लीवर गेलेलाच आहे.